टाकाऊ गाणी आणि चौदा ना-हरकत पत्रं

पुलकेश लाहिडींच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी संदेश ही मिठाई मिळे, मग चहा, आणि मग त्याने न विचारताच 'एक खुर्ची' या गाण्याची जन्मकथा. तोर्सा गुहनियोगी नावाच्या मुलीने पहिल्या दोन गोष्टी घेतल्या आणि तिसरी सुरू व्हायच्या आत हात वर केला.

"ती गोष्ट मला पाठ आहे, पुलकेशदा. हिवाळ्यातली सकाळ, लेकच्या तळ्यावर धुकं, एक रिकामं बाकडं. टीव्हीवर दोनदा पाहिली आहे. मी दुसऱ्याच कामासाठी आले आहे."

तोर्सा एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत होती. कंपनीला पुलकेशबाबूंचा अल्बम काढायचा होता. हे ऐकताच पुलकेशबाबूंची पाठ आपोआप ताठ झाली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक अल्बम निघाला होता. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गिटारही त्यांचीच. दहा गाण्यांतलं एक लोकांच्या तोंडी बसलं. त्यानंतर ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवत राहिले आणि दुसरा अल्बम 'मनात तयार' असल्याचं लोकांना सांगत राहिले.

"नवी सोळा गाणी आहेत माझ्याकडे," ते म्हणाले.

"नवी नकोत."

"मग जुनी पुन्हा गातो. आता आवाज जरा खाली गेला आहे, पण—"

"जुनीही नकोत. टाकलेली हवीत. कच्ची. गाता गाता विसरलेली, चुकलेली, मध्येच खोकलेली. हल्लीच्या मुलांना तेच खरं वाटतं."

पुलकेशबाबूंनी हातातला संदेश परत बशीत ठेवला. माणसाच्या घरी येऊन त्याची मुलाखत नको, त्याची केराची टोपली दाखवा म्हणणं, हे कोणत्या संस्कृतीत बसतं? पण त्यांची बायको मंदिरा एव्हाना पलंगाखाली शिरली होती. तिने बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा ओढून बाहेर काढला. आत सात कॅसेटी होत्या.

"घेऊन जा गं बाई," मंदिरा म्हणाली. "भंगारवाल्याला तीनदा विचारलं, तो नको म्हणाला. तुझी कंपनी घेत असेल तर देव तिचं भलं करो."

त्या सात कॅसेटींत काय होतं ते नीट आठवतंय असं पुलकेशबाबूंना वाटत होतं, म्हणूनच त्या पलंगाखाली होत्या. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी ढाकुरिया भागातल्या या घरात, टू-इन-वनसमोर बसून, प्रत्येक गाणं दहा-दहा वेळा घोटलं होतं. पंखा चालू ठेवला की त्याची गुणगुण टेपवर उतरे, म्हणून पंखा बंद. पंखा बंद म्हणून खिडकी उघडी. आणि खिडकी उघडी म्हणून टेपवर ढाकुरिया. कार्यकारणभाव स्वच्छ होता. त्यावर उपाय नव्हता, एवढंच. त्यांच्या आणि समोरच्या घराच्या खिडकीत साडेसात फूट अंतर होतं. त्यांनी ते एकदा मोजलं होतं.

कॅसेटींवर बुरशी चढलेली निघाली. ही बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले वर आले. त्या तांदळात पुरा. फ्रीजमध्ये ठेवा. डांबराच्या गोळ्या टाका. एकाने तर गरम इस्त्री सुचवली. पुलकेशबाबूंनी कापूस आणि स्पिरिट घेऊन तीन दिवस फीत पुसली, आणि त्या तीन दिवसांत ओव्याचा अर्क दिवसातून दोनदाऐवजी पाचदा घेतला. त्यांचं मन अस्वस्थ झालं की त्याची पहिली खबर पोटाला लागत असे.

कंपनीत कॅसेटी ऐकल्या आणि तोर्साचा फोन आला. आनंदाने तिचा आवाज फुटत होता.

"पुलकेशदा, अप्रतिम! तिसऱ्या गाण्यात शंख वाजतो! पाचव्यात मासेवाला! आणि ती कोण बाई हो, 'बुडो, भात निवला' म्हणून हाका मारणारी?"

"माझं गाणं कसं वाटलं?"

"तेही आहे ना मध्ये मध्ये," तोर्सा म्हणाली.

इथपर्यंत सगळं एका माणसाच्या अपमानापुरतंच मर्यादित होतं. ते सार्वजनिक केलं तळमजल्यावरच्या बटब्यालबाबूंनी. बटब्यालबाबू दस्तनोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले होते, पण कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. बाजाराची पिशवी जिन्यात ठेवून त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "लेखी घेतलंत का?"

"काय लेखी?"

"मासेवाल्याकडून. त्या बुडोच्या आईकडून. माणसाचा आवाज ही त्याची मालमत्ता, लाहिडीबाबू. उद्या उठून तो म्हणाला, माझी आरोळी तुम्ही विकलीत, तर?"

"अहो, रस्त्यावर ओरडत होता तो!"

"रस्ता पालिकेचा. आरोळी त्याची."

बटब्यालबाबू एवढं बोलून थांबले असते तर ते बटब्यालबाबू कसले? त्यांनी कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. 'एक हितचिंतक नागरिक' अशी सही केली आणि खाली पूर्ण नाव-पत्ता दिला. कंपनीच्या वकिलाने ते पत्र वाचलं. वकिलाला भीती दाखवलेली कधी वाया जात नाही. आठवड्याने तोर्साचा फोन आला. ओळखू येणाऱ्या प्रत्येक आवाजाच्या मालकाचं ना-हरकत पत्र हवं. कंपनीने यंत्रावर आवाज वेगवेगळे काढून यादी केली होती. एकूण चौदा. मुदत पुढच्या शनिवारपर्यंत.

फॉर्म अर्थातच बटब्यालबाबूंनी करून दिला. तीन प्रती, पासपोर्ट आकाराचा फोटो, दोन साक्षीदार. चौथा रकाना 'योगदानाचं स्वरूप' असा होता. पुलकेशबाबूंनी तिथे चौदाही फॉर्मवर एकाच बैठकीत 'गोंगाट' असं लिहून टाकलं. तेवढंच जरा बरं वाटलं.

मासेवाला हारान मंडल अजून बाजारात त्याच ओट्यावर बसत होता. त्याने कान देऊन टेप ऐकली, खूश झाला, आजूबाजूच्या तीन ओट्यांना ऐकवली. फॉर्म पुढे केल्यावर मात्र त्याने हात ओल्या गमछ्यात लपवले.

"सही नको, मास्टरमोशाय."

"का रे?"

"त्यात मी 'जिवंत टांग्रा, जिवंत टांग्रा' म्हणतोय. ओरडणं वेगळं, लिहून देणं वेगळं. ते टांग्रा काही जिवंत नव्हते."

"अरे, अठ्ठावीस वर्षं झाली! खाणारे विसरले."

"ढाकुरियातला माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, खाल्लेला मासा विसरणार नाही," हारान म्हणाला. शेवटी 'सदर मासे जिवंत असल्याचा कोणताही दावा करण्यात येत नाही' अशी तळटीप टाकली, तेव्हा कागदाला एक खवला चिकटवून त्याने सही केली.

शंखाचं प्रकरण याहून नाजूक निघालं. तिसऱ्या गाण्यातला तिन्हीसांजेचा शंख खुद्द बटब्यालबाबूंच्या बायकोचा होता. बटब्यालबाबू पेन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पेन घेऊनच परत आले.

"नाही म्हणते."

आतून आवाज आला, "नाहीच म्हणणार! नीट ऐका ती टेप. दोनदाच वाजला आहे. शंख तीनदा वाजवायचा असतो. त्या दिवशी मला खोकला होता, तिसऱ्यांदा दम पुरला नाही. आता सही करून जगाला सांगू, की बटब्यालांच्या घरात दोन शंखांवर संध्याकाळ उरकतात?"

"बौदी, कोण मोजणार आहे?"

"माझी जाऊ मोजेल."

उपाय बौदींनीच, म्हणजे बटब्यालवहिनींनीच, सुचवला. तिसरा शंख आत्ता वाजवते, तो जोडून घ्या. त्यांनी लगेच वाजवला. पुलकेशबाबूंच्या कानाला तो जुन्या दोन शंखांपेक्षा पाव स्वर खाली लागला. तसं त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं, आणि त्यानंतर दोन दिवस रोज संध्याकाळी तळमजल्यावरून, मूळ स्वर लागेपर्यंत, शंख वाजत राहिला. पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना भूकंप झाला असं वाटलं, आणि भूकंपात शंख फुंकायचा या रिवाजाप्रमाणे त्यांच्या बायकांनीही शंख काढले. कंपनीला तिसरा शंख नको होता. पण सही मिळाली.

मग बुडो. ज्या बाईने 'बुडो, भात निवला' अशी हाक मारली होती ती आता हयात असणं शक्य नव्हतं, गल्लीतल्या एकाही बुडोची आई उरली नव्हती. बटब्यालबाबूंच्या मते अशा वेळी वारसाची सही चालते. म्हणजे बुडोची. आता लाडाने पोराला म्हातारा म्हणणं ही बंगाल्यांची जुनी खोड. गल्लीत पन्नाशीच्या आसपासचे तीन बुडो होते. एक बँकेत, एक होमिओपॅथ, एक क्लबचा सेक्रेटरी. पुलकेशबाबूंनी तिघांना एकत्र बसवून टेप लावली. खरा कोण ते कळेल, एवढाच उद्देश होता.

टेप संपली. बँकेतला बुडो चष्मा पुसू लागला. होमिओपॅथ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सेक्रेटरी, ज्याने पूजेच्या वर्गणीसाठी अर्धी ढाकुरिया रडवली होती, तो म्हणाला, "आई. माझीच."

"तुझी कशी? तुझी आई 'भात वाढला' म्हणायची," होमिओपॅथ म्हणाला. "निवला म्हणणारी माझी."

"तुझ्या घरी रात्री पोळ्या असायच्या!"

"पुलकेशदा, पुन्हा एकदा लावता का?" बँकेतला बुडो हळूच म्हणाला.

ती टेप त्यांनी सहा वेळा ऐकली. पुलकेशबाबूंनी तिन्ही सह्या घेतल्या. तीन घरांतल्या तीन माणसांना कागदोपत्री एक आई मिळाली आणि बटब्यालबाबूंनीसुद्धा, घसा खाकरून, त्यावर हरकत घेतली नाही.

मंगळवारपर्यंत तेरा आवाज झाले. यादीतल्या चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, 'खिडकीबाहेरची स्त्री. वाक्य अस्पष्ट. गाणं: एक खुर्ची, कच्चा प्रयत्न क्रमांक नऊ.' तोर्साने तो वेगळा काढलेला आवाज फोनवर पाठवला होता. शाळेच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, पुलकेशबाबूंनी कानात बोंडं घातली आणि आवाज पूर्ण वाढवला.

आधी त्यांचाच तरुण आवाज, लांबून आल्यासारखा. 'तू गेलीस, आणि सारं शहर रिकामं.'

मग साडेसात फुटांवरून एक ठणठणीत बाईचा आवाज.

"अरे, शहर कसलं रिकामं? दहा दिवस ऐकतेय! एक कोटी लोक राहतात इथे. आत्ता गोलपार्कहून बसला लोंबकळत आले मी. एक माणूस गेलं तर एक खुर्ची रिकामी होते. तेवढंच म्हण!"

मग सात सेकंद काहीच नाही. पुलकेशबाबूंनी ती घड्याळावर मोजली. मग गिटार, आणि ती ओळ. 'तू गेलीस, आणि एवढ्या शहरात एकच खुर्ची रिकामी.'

घंटा झाली. नववी-ब वाट पाहत होती. पुलकेशबाबू उठले नाहीत.

ती ओळ चहाच्या टपऱ्यांवर रंगवलेली होती. श्रद्धांजलीच्या जाहिरातींत छापून येत होती. एका मंत्र्याच्या शोकसभेत ती वाचली गेली, तेव्हा मंत्र्याची खुर्ची लगेच भरली हा भाग वेगळा. आणि अठ्ठावीस वर्षं ते लेकवरच्या बाकड्याची गोष्ट सांगत होते. खोटं सांगतोय असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. पहिल्या मुलाखतीत काहीतरी सांगायला हवं म्हणून बाकडं आलं, दुसऱ्या मुलाखतीत धुकं आलं, आणि तिसऱ्यापर्यंत त्यांना त्या बाकड्याची मोडकी फळीसुद्धा आठवू लागली होती. समोरची खिडकी मात्र साफ पुसली गेली.

त्यांनी तोर्साला फोन केला. "चौदावा आवाज कोणाचा ते कळत नाही. ते गाणं गाळू या."

"'एक खुर्ची' गाळायचं? मग अल्बमच नको, पुलकेशदा. लोक त्यासाठीच घेणार. आणि त्या बाई काय म्हणतात ते आम्ही साफ करतोय, स्वच्छ ऐकू येईल. बघा ना, समोरच राहत असतील."

समोरच राहत होत्या. मिनती चौधुरी, निवृत्त भूगोल शिक्षिका, वय शहाऐंशी. गल्लीभरच्या काकीमा.

गुरुवारी संध्याकाळी पुलकेशबाबू मंदिराला म्हणाले, "समज, तुझी रेसिपी सगळे माझी म्हणून खातात—"

"तुम्हाला भात लावता येत नाही," मंदिरा म्हणाली. "काय झालंय? दोन दिवसांत अर्काची बाटली संपवलीत."

त्यांनी सांगितलं. मंदिराने कणीक मळता मळता ऐकलं. "म्हणजे त्या ओळीवर मी तुमच्याशी लग्न केलं, ती काकीमांची?"

"तू ओळीवर केलंस?"

"नाहीतर काय तुमच्या पगारावर? जा आता. तुम्ही सांगितलं नाहीत तर ती मुलगी येऊन विचारेल, आणि मग ते दुसऱ्याच्या तोंडून कळेल."

शुक्रवार त्यांनी फेऱ्या मारण्यात घालवला. जिन्यापर्यंत जात, परत येत. नाही म्हणाल्या तर अल्बम गेला, हो म्हणाल्या तर अब्रू गेली. एकदा काकीमांच्या दारापर्यंत पोचले आणि आतून बातम्या ऐकू आल्या म्हणून, वृद्धांच्या बातम्यांत व्यत्यय नको, अशी स्वतःची समजूत घालून उतरले. शनिवारी सकाळी मुदतीचे सहा तास उरले, तेव्हा ते वर गेले.

काकीमांचे कान शाबूत होते, डोळे अधू. त्यांनी भिंग घेऊन फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चौथ्या रकान्यावर भिंग थांबलं.

"गोंगाट?"

"तो आपला सरसकट... सगळ्यांनाच..."

"चौतीस वर्षं मी मुलींना नद्या आणि पर्वत शिकवले, पुलकेश. तो गोंगाटच होता का? ऐकव बघू काय केलं मी ते."

पुलकेशबाबूंनी फोन टेबलावर ठेवला. बोट थांबवायच्या खुणेवर ठेवलं. त्यांची ओळ आली, 'सारं शहर रिकामं', आणि बोट आपसूक दाबलं गेलं.

"पुढे?" काकीमा म्हणाल्या.

"पुढे काही विशेष नाही."

"असं कसं? एवढं चुकीचं वाक्य कानावर पडलं आणि मी गप्प बसले? आजारी होते का मी?"

त्यांनी पुढे लावलं. काकीमांनी स्वतःला पूर्ण ऐकलं. सात सेकंद ऐकली. मग ओळ ऐकली. पुलकेशबाबू खिडकीतून स्वतःच्या घराकडे बघत राहिले. तिथे मंदिरा, काहीही बघत नसल्यासारखी, तोच एक टॉवेल चौथ्यांदा झटकत होती.

"आणि ते तुझं लेकवरचं बाकडं?" काकीमांनी विचारलं.

"नव्हतं."

"धुकं?"

"धुकं नंतर घातलं."

"मला तेव्हाच शंका आली होती. एकदा टीव्हीवर तू ते चक्क मार्च महिन्यात घातलंस." काकीमांनी भिंग खाली ठेवलं. "कशाला एवढा घाबरला आहेस? मी काय ओरडून सगळ्यांना सांगणार आहे?"

"तुम्ही ओरडलातच, काकीमा. ते आता अल्बमवर येणार."

काकीमा मनापासून हसल्या. हसता हसता थांबल्या, आणि मान हलवून म्हणाल्या, "पण ओळ चुकली आहे."

"काय?"

"मी चुकले. अठ्ठावन्नची होते, मला काय ठाऊक? तुझे काका आत घोरत पडले होते तेव्हा. खुर्ची रिकामी राहत नाही, पुलकेश." त्यांनी खिडकीजवळ बोट दाखवलं. तिथे हातांची एक जुनी खुर्ची होती, पण ती असल्याचं अंदाजानेच कळत होतं. तिच्यावर अर्धवट वाळलेल्या साड्या, वर्तमानपत्रांची चळत, रक्तदाब मोजायचं यंत्र. "हे गेल्यावर महिनाभर मी तिला हात लावला नाही. मग एक दिवस घाईत टॉवेल टाकला. उचलायचा राहिला. त्याला आता अकरा वर्षं झाली. एक खुर्ची रिकामी वगैरे काही नसतं. तिच्यावर कपडे साठतात. तेच वाईट असतं. ते लिही. बसव कसंतरी, तुझं काम आहे ते."

पुलकेशबाबूंनी फॉर्म पुढे ओढला. त्यांनी पेन काढलं आणि तिन्ही प्रतींवर 'गोंगाट' खोडून 'शब्द' असं लिहिलं, आणि खाडाखोडीपुढे प्रत्येक वेळी सही केली, नाहीतर बटब्यालबाबूंनी परत पाठवलं असतं. काकीमांनी वर्गात फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं.

जिना उतरताना त्यांना भयंकर राग आला होता. एकदा ठीक आहे. पण माणसाच्या एकुलत्या एका ओळीत त्याच बाईने अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा दुरुस्ती करावी? पहिल्या वळणावर ते थांबले. कठड्यावर बोटांनी ठेका धरला आणि मात्रा मोजल्या. 'तू गेलीस, आणि आता खुर्चीवर कपडे साठतात.' बसणार नाही अशी त्यांची खात्री होती. चार मात्रा जास्त होत होत्या. त्यांनी 'आता' काढलं आणि पुन्हा मोजलं.

बसू नये अशी फार इच्छा असताना ओळ बसली.